लहान मुलांना पेन्सिल शेडिंग शिकवताना चेंडू गोल का दिसत नाही?

शुक्रवारपेठ_चित्रवर्ग

नमस्कार मंडळी. ७ ते १० वयाच्या अकरा मुलांचा शनिवार-रविवारचा चित्रकलेचा वर्ग आहे. बाह्यरेषा बरी जमते. पेरू, डबा, तांब्या काढला तर ओळखू येतो. आता पेन्सिलच्या शेडिंगनं वस्तूला उठाव आणायचा आहे आणि तिथंच सगळं अडलंय.

चेंडू दिला की बहुतेक मुलं वर्तुळाच्या कडेकडेनं गोल गोल काळं करत आत येतात आणि मधे पांढरं सोडतात. कागदावर चेंडूऐवजी जाड बांगडी दिसते. "डावीकडं फिकट, उजवीकडं गडद" असं सांगितलं की त्या दिवशी जमतं, पुढच्या शनिवारी पेरू ठेवला की पुन्हा बांगडी. दुसरं म्हणजे हात जड. पहिल्याच रेघेला इतका जोर की नंतर आणखी गडद करायला काही उरत नाही. आणि बोटानं पुसायची सवय, त्यानं सगळं चित्र एकसारखं राखाडी होतं.

साहित्य: एचबी आणि ४बी पेन्सिली, शाळेत चालते ती ड्रॉइंगची वही. खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन ट्यूबलाइट, पश्चिमेला एक खिडकी. वेळ संध्याकाळी ५ ते ६.३०. मुलं टेबलाभोवती गोल बसतात.

सुरुवात कुठून करावी, वस्तू कोणत्या घ्याव्यात, आणि ७ वर्षांच्या नि १० वर्षांच्या मुलाला एकच पाठ चालतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रेघ_आणि_उजेड

आधी खोलीचा बंदोबस्त करा, मग पेन्सिलीचं बघू. समोरासमोर दोन ट्यूबलाइट असले की चेंडूच्या दोन्ही बाजू उजळतात, दोन पुसट सावल्या पडतात आणि ठळक अशी गडद बाजू राहतच नाही. मुलाला जे दिसत नाही ते ते काढणार कसं? मग ते आपल्या समजुतीनं काढतं: "कड म्हणजे काळी." तुमची बांगडी तिथून येते.

ट्यूबलाइट बंद, खिडकीला जाड पडदा. पडदा एवढ्यासाठी की ५ ते ६.३० या वेळात सूर्य भराभर खाली जातो. मुलानं सव्वापाचला काढलेली सावली पावणेसहाला भलतीकडंच गेलेली असते, मग ते खोडत बसतं. एकच टेबल लॅम्प घ्या, ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. वस्तूपासून दीड-दोन फुटांवर, डाव्या बाजूला, वर आणि किंचित पुढं. उंची नेमकी करायची सोपी रीत सांगतो. वस्तूच्या जागी काडेपेटी उभी ठेवा. तिची सावली तिच्या उंचीएवढी लांब पडली की दिवा बरोबर जागी आहे. सावली फार लांब गेली तर दिवा वर घ्या, फार आखूड पडली तर खाली. दिवा अगदी मुलांच्या पाठीमागून नको. समोरून सरळ उजेड पडला की चेंडू सपाट दिसतो, पौर्णिमेचा चंद्र ताटलीसारखा दिसतो तसाच.

आता बसण्याची गोष्ट, आणि ही बहुतेक वर्गांत चुकते. मुलं टेबलाभोवती गोल बसली तर प्रत्येकाला वेगळा चेंडू दिसतो. दिव्याच्या बाजूच्या मुलाला जवळजवळ पूर्ण उजळ, समोरच्याला जवळजवळ पूर्ण काळा. आणि तुम्ही सगळ्यांना "उजवीकडं गडद" सांगता! अकरा मुलांना तीन मांडण्या करा, तीन दिवे. एका मांडणीसमोर तीन-चार मुलं, सगळी एकाच बाजूला, अर्धवर्तुळातसुद्धा फार पसरू नका.

पहिल्या दिवशी कागद द्यायचाच नाही. "उजेड कुठून येतो?" एवढंच. आपल्या कोल्हापूरच्या मुलांना हे समजवायला अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवासारखं दुसरं उदाहरण नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचे किरण महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात येतात, आधी अंबाबाईच्या चरणांवर आणि मग चढत चढत मुखापर्यंत. वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला तर अडतात. म्हणजे उजेड सरळ रेषेत येतो आणि आडवं काही आलं की त्याच्या पलीकडं पोचत नाही, हे मुलांना आधीच माहीत असतं. तेच चेंडूवर दाखवा. बोट चेंडूवर ठेवून दिव्याकडून मागं मागं न्यायला सांगा. उजेडातून सावलीत बोट गेलं की "थांब" म्हणायचं. प्रत्येक मुलानं स्वतःच्या बोटानं ती हद्द शोधली पाहिजे. चेंडूवर त्या हद्दीची रेघ पेन्सिलीनं ओढून घ्या. मग जागेवर बसून बघा: ती रेघ सरळ दिसत नाही, चंद्रकोरीसारखी वळलेली दिसते. हे एकदा नजरेत बसलं की पेरू ठेवा, आंबा ठेवा, मूल आधी ती हद्द शोधतं.

४बी

उजेडाचं वर आलंच आहे, मी हाताचं लिहितो.

जड हातावर "हळू दाब" म्हणून काही उपयोग नाही, पकड बदला. लिहिताना धरतात तशी टोकाजवळ धरलेली पेन्सिल दाबलीच जाणार. टोकापासून चार बोटं मागं धरायला लावा, पेन्सिल तळहाताखाली आडवी, अंगठा एका बाजूला, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला. अशी धरली की जोर देताच येत नाही, आणि शिसं टोकानं न टेकता बाजूनं घासलं जातं. त्यासाठी शिसं साधारण १ सेंटिमीटर उघडं हवं. शार्पनरनं ते निघत नाही. पेन्सिली मोठ्या माणसानं ब्लेडनं तासून आणायच्या, मुलांच्या हातात ब्लेड नको. क्लच पेन्सिल, ०.५ वाली, या कामाला अजिबात नको.

जोर तपासायची खूण: पान उलटून मागून बोट फिरवायला सांगा. रेघ बोटाला लागली तर जोर जास्त झाला. मुलांना ही तपासणी फार आवडते आणि ती एकमेकांची पानं तपासतात.

तुमच्याकडं मधली पेन्सिल नाही, २बी आणा. एचबीत माती जास्त असते, ती एका मर्यादेपुढं काळी होत नाही. मूल मग रेटून दाबतं, कागदात खाच पडते आणि शिसं चमकायला लागतं. चमकलेली जागा तिरकी धरली की पांढरी दिसते आणि तिच्यावर नंतर ४बीसुद्धा नीट बसत नाही. एचबी फक्त बाह्यरेषेला, तीही पुसट. शेडिंग २बीनं, शेवटचा गडदपणा ४बीनं. ६बी या वयाला नको, सगळीकडं डाग होतात.

वहीचा कागद हातानं बघा. गुळगुळीत असेल तर शिसं धरत नाही, घसरतं. १५० जीएसएमचा थोडा खरखरीत कार्ट्रिज कागद घ्या आणि एका मोठ्या शीटचे चार किंवा आठ तुकडे करा. लहान मुलाला मोठा कागद दिला की ते कंटाळून शेवटी गिरगटतं. चेंडू ६-७ सेंटिमीटरचा पुरे. वर्तुळ वाटी उलटी ठेवून काढू दे, त्या दिवशी वर्तुळ शिकवायचं नाहीये.

छटापट्टी, म्हणजे कोऱ्यापासून गडदापर्यंतच्या छटांची पट्टी, सगळेच करून घेतात, पण क्रम चुकतो. २ सेंटिमीटरचे पाच चौकोन एका ओळीत. डावीकडून भरत गेलं की तिसऱ्यातच काळं संपतं. आधी पहिला कोरा सोडायचा, मग पाचवा जमेल तेवढा गडद, मग मधला तिसरा, आणि शेवटी दुसरा नि चौथा. दोन टोकं ठरली की मधलं ठरवता येतं. गडदपणा दाबून आणायचा नाही, थर देऊन आणायचा: दुसऱ्याला एक थर, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन, आणि प्रत्येक थराची दिशा बदलायची, एक उभा, एक आडवा, एक तिरका. पाचव्याला वरून ४बीचा एक थर. पट्टी कापून मुलाच्या हातात द्या. वस्तूशेजारी धरून, डोळे बारीक करून, "हा भाग कितव्या नंबरचा?" असं विचारायचं. डोळे बारीक केले की बारीकसारीक तपशील जातो आणि फिकट-गडदाचे मोठे भाग उरतात.

बोटानं पुसणं पूर्ण बंद. बोटाला तेल असतं, घाम असतो. त्यानं शिसं कागदात चिकटतं, खोडरबरनं निघत नाही आणि डाग राहतो. हाताखाली कोरा कागद ठेवायची सवय लावा, तळव्यानंही तेवढंच पुसलं जातं.

शाडूवाला

वस्तूंबद्दल. टोमॅटो, सफरचंद, स्टीलचा तांब्या सुरुवातीला ठेवू नका. स्टील-पितळेत खोलीचं प्रतिबिंब दिसतं, उजेड-सावलीची हद्द सापडतच नाही. टोमॅटो लाल, म्हणून मूल सगळाच गडद करतं. पहिली वस्तू पांढरी आणि बिनचमकीची हवी.

सर्वात चांगली म्हणजे शाडूचा गोळा, मुलांनी स्वतः वळलेला. गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात शाडू सहज मिळते. ६ सेंटिमीटरच्या गोळ्याला अंदाजे २०० ग्रॅम ओली माती लागते, अकरा मुलांना अडीच किलो आणा. गोळा सावलीत तीन-चार दिवस वाळवायचा, रोज उलटायचा. उन्हात ठेवला की बाहेरून आधी वाळतो आणि तडकतो. वाळल्यावर फिका राखाडी-पांढरा होतो, चमक शून्य. त्यावर "हद्दीची रेघ" पेन्सिलीनं छान उमटते आणि ओल्या कापडानं निघते. शिवाय तळहातात माती फिरवताना गोलाई हाताला कळलेली असते, ती रेघेत उतरते. शाडू नसेल तर पांढरं अंडं चालतं.

दुसरी वस्तू काडेपेटी किंवा खोका, वर पांढरा कागद चिकटवून. तीन बाजू दिसतात, तीन सपाट छटा: पट्टीतला १, ३ आणि ५. खोक्यावर छटा हळूहळू बदलत नाही, कडेला एकदम बदलते. गोळ्यावर ती सरकत बदलते. पृष्ठभाग जिथं हळू वळतो तिथं छटा हळू बदलते, जिथं मोडतो तिथं एकदम. दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या की हा फरक मुलांना एका तासात कळतो. आमच्या मते शेडिंगमधली हीच मूळ गोष्ट, बाकी सगळं हिच्यातून येतं.

तिसरी, आणि ही कोल्हापुरात घरोघरी मिळेल: गुळाची एक किलोची ढेप. आकार बादलीसारखा निमुळता. छटांचे पट्टे वरून खाली जातात, आणि ढेप जिकडं निमुळती होते तिकडं पट्टेही अरुंद होतात. वरचा सपाट भाग वेगळ्या छटेचा. पण खरा धडा दुसरा आहे. गूळ मुळातच गडद, त्यामुळे उजेडातली बाजूही कोरी सोडता येत नाही. तिथं निदान दुसऱ्या नंबरची छटा लागते आणि सावलीची बाजू त्या हिशेबानं आणखी खाली जाते. शेजारी शाडूचा गोळा ठेवा आणि विचारा, "गुळाची उजळ बाजू जास्त गडद का गोळ्याची सावली?" मुलं भांडतात यावर. भांडू द्या, पट्टी लावून बघू द्या.

परावर्तित उजेड, म्हणजे शेजारच्या वस्तूवर आपटून सावलीच्या बाजूला येणारा उजेड, लहान मुलांना पटत नाही, कारण सावलीच्या बाजूला पुन्हा फिकट पट्टा का, हा त्यांचा प्रश्न बरोबरच असतो. दाखवूनच पटतं. गोळ्याच्या सावलीच्या बाजूला जवळ पांढरा कागद उभा धरा, खालची कड उजळते. तो काढून काळा धरा, कड बुडते. मग लाल घोटीव कागद धरा, गोळ्याची कड लालसर होते. एवढं बघितल्यावर सांगावं लागत नाही. फक्त एक बंधन घाला: सावलीतला सर्वात फिकट भागसुद्धा उजेडातल्या सर्वात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. हे मोडलं की गोळा काचेचा वाटायला लागतो.

पंचगंगाकाठ

वयाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

७ वर्षांच्या मुलाला पाच छटा देऊ नका, तीन द्या: कागदाचा पांढरा, मधली, गडद. हद्दीची रेघ कागदावर ओढायची, तिच्या एका बाजूला काही करायचं नाही, दुसऱ्या बाजूला मधली छटा सपाट भरायची, आणि गोळा जिथं टेबलाला टेकतो तिथं गडद. एवढ्यावर थांबलं तरी गोळा उभा राहतो. एका बैठकीला १५ मिनिटं, त्यापुढं हात दुखतो आणि रेघ बिघडते. ८-९ वर्षांच्यांना मधल्या छटेच्या दोन पायऱ्या करता येतात. परावर्तित उजेड आणि पूर्ण पाच छटा १० च्या आसपास. एका वर्गात तिन्ही वयं असली तरी वस्तू एकच ठेवा, फक्त छटांची संख्या बदला. पुढं एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेतल्या वस्तुचित्राला हीच नजर उपयोगी पडते, त्यासाठी आत्ताच घाई करायची गरज नाही.

४बी यांच्या "पुसणं पूर्ण बंद" शी मात्र मी सहमत नाही. बोटानं नको, हे बरोबर. पण पुसून छटा देणं ही स्वतंत्र रीत आहे आणि ती आपल्या गावात मोठी झालेली आहे. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे भुकटी पसरून छटा दिलेली, निसर्गचित्रं आहेत. मुलांना एकदा घेऊन जा आणि जवळून बघू द्या की रेघ कुठंच न दिसता दूरचं झाड कसं फिकट आणि जवळचं कसं गडद होतं. वर्गात करायचं तर ४बीचं शिसं बारीक पॉलिश पेपरवर घासून भुकटी वाटीत घ्या. चिमूटभर पुरते, उडते म्हणून पंखा बंद ठेवा. कापसाचा छोटा बोळा भुकटीत टेकवून आधी रद्दी कागदावर झटकायचा, मग चित्रावर गोल फिरवत फिकटपासून गडदकडं जायचं. उजळ जागा नंतर खोडरबरच्या कोपऱ्यानं काढायची. जड हाताच्या मुलांना याचा फार फायदा होतो, कापसाला दाबून काळं होतच नाही.

४बी

मान्य, कापसाची रीत चांगली आहे. माझं म्हणणं क्रमाचं आहे. पहिले सात-आठ वर्ग थरांनी छटा द्यायला लावा, मग भुकटी. आधीच पुसायला मिळालं तर मूल छटा ठरवतच नाही, पुसून जे होईल ते घेतं. थरांनी छटा देता येणारं मूल कापूसही नेमका वापरतं.

शुक्रवारपेठ_चित्रवर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवे आणि बसण्याची रचना या शनिवारपासूनच बदलतो. दोन शंका उरल्या. एक, गोळा जमला तरी तो हवेत तरंगतो, टेबलावर बसलेला वाटत नाही. दोन, अकरापैकी दोघं डावखुरे आहेत, त्यांना काही वेगळं सांगायचं का?

रेघ_आणि_उजेड

तरंगण्याची कारणं दोन. पहिलं, मुलं पडछाया, म्हणजे गोळ्याची टेबलावर पडणारी सावली, गोळ्यापासून सुटी, एखाद्या अंडाकृती डागासारखी काढतात. पडछाया गोळ्याच्या टेकण्याच्या जागेतून निघाली पाहिजे. टेकतो तिथं एक बारीक फट सर्वात गडद असते, कारण तिथं कुठूनच उजेड शिरत नाही. अख्ख्या चित्रात पाचवा नंबर फक्त तिथं. पडछाया दिव्याच्या विरुद्ध दिशेला लांबत जाते तशी फिकी होते आणि तिची कड पुसट होत जाते. गोळ्याजवळची कड टोकदार, लांबची मऊ. मुलं उलट करतात, सगळीकडं सारखी काळी कड ओढतात, आणि पडछायेला बाह्यरेषा काढतात. पडछायेला बाह्यरेषा नसतेच.

दुसरं कारण गोळ्याचीच बाह्यरेषा. उजेडाच्या बाजूला ठळक रेघ राहिली की गोळा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्या बाजूची रेघ खोडरबरनं जवळजवळ घालवा आणि त्याच्या मागं, पार्श्वभूमीवर, दुसऱ्या नंबरची हलकी छटा द्या. गोळ्याची कड मग रेघेविना दिसते. सावलीच्या बाजूला पार्श्वभूमी कोरी ठेवा. आणि टेबलाची मागची आडवी रेघ गोळ्याच्या मागं, साधारण त्याच्या निम्म्या उंचीवर दिसू दे. बरीच मुलं ती काढतच नाहीत, त्यामुळे गोळा कशावर ठेवलाय हेच कळत नाही.

तपासायला मोबाइलवर मांडणीचा कृष्णधवल फोटो काढा आणि मुलाचं चित्र शेजारी धरा. आधी त्याला स्वतःला फरक शोधू द्या, चूक आपण दाखवायची नाही.

४बी

डावखुऱ्यांबद्दल. त्यांची तिरकी रेघ उलट्या बाजूला पडते, वरून डावीकडून खाली उजवीकडं. ती तशीच राहू द्या, बदलायला लावू नका. काम उजवीकडून डावीकडं आणि वरून खाली करायला सांगा, म्हणजे भरलेल्या भागावर हात टेकत नाही. त्यांना ओळीत डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजारच्याचा कोपर लागतो. आणि वस्तूचा दिवा वेगळा, कागदावरचा उजेड वेगळा. पडदा लावून खोली फार काळोखी झाली तर मुलांच्या मागं उंचावर एक मंद बल्ब भिंतीकडं तोंड करून लावा, वस्तूवर त्याची दुसरी सावली पडणार नाही एवढा मंद. पडत असेल तर बल्ब आणखी लांब न्या.